वही कुणाची?

खात्यात शिल्लक नसतानाही चेक वटतो आणि कमी पडलेली रक्कम बँक स्वतःच्या पदरची घालते, त्या सोयीला आपण ओव्हरड्राफ्ट म्हणतो. बँकेचा अधिकारी, कारखानदार, सनदी लेखापाल, सगळ्यांच्या तोंडी हा एकच शब्द. जपानीत मात्र या एकाच व्यवहाराला दोन नावे आहेत. बँकेच्या वहीत तो ‘तोझा काशिकोशी’, म्हणजे चालू खात्यावर शिलकीपलीकडे दिलेले पैसे. कंपनीच्या वहीत तोच ‘तोझा करिकोशी’, म्हणजे चालू खात्यावर शिलकीपलीकडे घेतलेले पैसे. इंग्रजी मसुद्यात ओव्हरड्राफ्ट हा शब्द आला की जपानी अनुवादकाला कोशाआधी एक चौकशी करावी लागते: हा कागद कुणी लिहिला, आणि कुणाच्या बाजूने? मूळ मजकुरात बहुतेकदा त्याचे उत्तर नसते, कारण इंग्रजीला ते द्यावेच लागत नाही.

बँकिंगच्या परिभाषेचे जपानी रूपांतर अवघड का, असे विचारले की सहसा चिनी लिपीकडे बोट दाखवले जाते, नाहीतर वित्तव्यवहाराच्या गुंतागुंतीकडे. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण दुय्यम. लिपी शिकता येते आणि गुंतागुंत समजून घेता येते. मुख्य पेच असा की पैशाच्या देवघेवीबद्दल बोलताना जपानी भाषा बोलणाऱ्याला एका बाजूला उभे राहायला लावते. ‘कासु’ म्हणजे उसने देणे आणि ‘करिरु’ म्हणजे उसने घेणे. या दोन क्रियापदांतून नामांची दोन वेगळी कुळे निघाली आहेत. इंग्रजीतले लोन आणि आपले कर्ज कुणाचीच बाजू घेत नाहीत; बँकेने दिले तरी कर्ज, आपण काढले तरी कर्ज. जपानी ताळेबंदात मात्र धनकोकडे ‘काशित्सुके’ असते आणि ऋणकोकडे ‘करिइरे’. मराठी व्यापाऱ्याला हे अगदीच परके वाटू नये, कारण त्याच्याकडे ‘येणे’ आणि ‘देणे’ आहे, आणि एकाचे येणे ते दुसऱ्याचे देणे हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. माझे म्हणणे एवढेच की जपानीतली बँकिंगची जी पारिभाषिक भाषांतरे नीट बसली, त्यांत ‘वही कुणाची’ हा प्रश्न आधी सुटलेला होता. जी फसली किंवा लोकांना फसवत राहिली, त्यांत तो सोडवलाच गेला नव्हता.

नीट बसलेल्या शब्दांपासून सुरुवात करू. पाश्चात्त्य बँक जपानात पोचण्याआधी दोनशे वर्षे तिथे पेढ्यांचा व्यवहार भरभराटीला आलेला होता. ओसाकाचा व्यापार चांदीत चाले आणि एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, सोन्यात. त्यामुळे नाणी बदलून देणारे आणि एका शहरात घेतलेले पैसे दुसऱ्या शहरात पोचते करणारे सराफ दोन्हीकडे लागत. 1673 साली एदोत कापडाचे दुकान काढणाऱ्या मित्सुई घराण्याने पुढे याच धंद्यात जम बसवला. 1730 मध्ये ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाच्या वायद्यांना सरकारी मान्यता मिळाली. या व्यापाऱ्यांकडे ‘तेगाता’ होता, शब्दशः हाताचा ठसा, व्यवहारात हुंडी. तो लिहून देणारा, तो पटवणारा आणि त्यावर पैसे घेणारा, प्रत्येकाला स्वतंत्र नाव होते. पाठीमागे लिहून तो दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे ‘उरागाकी’, तो सकारणे म्हणजे ‘हिकिउके’ आणि न वटता परत आला की ‘फुवातारी’. हुंड्यांविषयीचा 1930 चा जिनिव्हा करार जपानने स्वीकारला आणि 1932 मध्ये त्यावर आधारलेला कायदा केला, तेव्हा युरोपीय कायद्याची कलमे या जुन्या बाजारी शब्दांत सहज मावली. दस्तऐवजात किती पक्ष आहेत आणि कोण कुणाला काय लागतो, हे त्या शब्दांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. अनुवादकांचे काम सराफांनी आधीच करून ठेवले होते, असे म्हणायलाही हरकत नाही.

1868 नंतरच्या नव्या राजवटीला मात्र सराफी पुरेशी वाटेना. तिने 1869 मध्ये जुन्याच ‘कावासे’ या शब्दाला धरून हुंडणावळीच्या कंपन्या काढल्या; त्या टिकल्या नाहीत. मग इतो हिरोबुमी अमेरिकेत जाऊन तिथली नॅशनल बँकांची पद्धत पाहून आले आणि 1872 मध्ये जपानचा पहिला बँक कायदा झाला. बँकेसाठी ‘गिन्को’ हा शब्द पक्का झाला: ‘गिन’ म्हणजे चांदी आणि ‘को’ म्हणजे पेढी. चिनी भाषेत तो आधीच वापरात होता, त्यामुळे फारशी खळखळ न होता रुळला. घोटाळा झाला तो ‘नॅशनल’च्या बाबतीत. अमेरिकेत या विशेषणाचा अर्थ एवढाच होता की बँकेची सनद राज्याच्या नव्हे, तर संघराज्याच्या कायद्याखाली मिळाली आहे. जपानी मसुद्यात त्याचे झाले ‘कोकुरित्सु’, म्हणजे राष्ट्राने स्थापलेली. प्रत्यक्षात या बँका खासगी भागधारकांच्या होत्या. अर्थखात्याची नोकरी सोडून शिबुसावा एइइची ज्या पहिल्या बँकेच्या प्रमुखपदी गेले, तीही तशीच. सनद देणारा आणि भांडवल घालणारा, असे दोन वेगळे पक्ष या विशेषणामागे होते. अनुवादाने त्यांची सरमिसळ केली. इतिहासाची जपानी पाठ्यपुस्तके आजही या नावापाशी थांबून ‘या सरकारी बँका नव्हत्या’ असा खुलासा करतात, इतका तो शब्द फसवा आहे.

या बँकांना नावांऐवजी क्रमांक दिले जात, आणि 1879 पर्यंत क्रमांक 153 पर्यंत पोचला. त्यातले काही अजून पाट्यांवर आहेत: गिफूची सोळा नंबरची बँक, सेंदाईची सत्याहत्तर, त्सूची एकशे पाच, ताकामात्सूची एकशे चौदा. नागानो प्रांतातली ब्याऐंशी नंबरची बँक मात्र मूळ यादीतल्या ब्याऐंशीची वारस नाही. 1931 मध्ये एकोणीस आणि त्रेसष्ट या दोन बँकांचे विलीनीकरण झाले आणि भागीदारांनी सरळ बेरीज करून नाव ठेवले. अनुवादाच्या कटकटीतून सुटलेली एवढीच एक बाजू.

वहीचा प्रश्न सगळ्यात ठसठशीतपणे दिसतो तो डेबिट आणि क्रेडिटच्या भाषांतरात. 1873 मध्ये दोन पुस्तके निघाली. फुकुझावा युकिची यांनी ब्रायंट आणि स्ट्रॅटन यांचे अमेरिकन शाळांसाठीचे हिशेबाचे पुस्तक जपानीत आणले. अर्थखात्याने बँकांच्या हिशेबाचे जे पुस्तक काढले, ते ॲलन शँड या स्कॉटिश बँकरने लिहिले होते. सरकारी नोकरीत येण्याआधी शँड चार्टर्ड मर्कंटाइल बँकेच्या योकोहामा शाखेत होता, आणि या बँकेचे मूळ 1853 साली मुंबईत स्थापन झालेल्या बँकेत आहे. जपानी बँकांच्या हिशेबपद्धतीला मुंबईचे हे एक दूरचे नाते आहे. फुकुझावांनी डेटर म्हणजे उसने घेणारा आणि क्रेडिटर म्हणजे उसने देणारा असे शब्दाला शब्द धरले, आणि त्यातून ‘करिकाता’ व ‘काशिकाता’ हे दोन शब्द रूढ झाले: घेणाऱ्याची बाजू आणि देणाऱ्याची बाजू. गिऱ्हाइकांची खाती असेपर्यंत हे ठीक होते. तानाका आपले देणे लागतो, म्हणून आपल्या वहीत तानाकाच्या खात्यावर ती रक्कम ‘घेणाऱ्याच्या बाजूला’ लिहायची. इथेच एक उडी आहे: वही आपली, पण शब्द समोरच्याच्या बाजूने बोलतो. पुढे त्याच वहीत रोकड, इमारत, भाडे, झीज यांची खाती आली. इमारतीने उसने घेतले याला काय अर्थ? आणि आपण कर्ज काढले की ते ‘देणाऱ्याच्या बाजूला’ जाते, हे पहिल्याच तासाला विद्यार्थ्याला बुचकळ्यात टाकते.

त्यावर जपानी शिक्षकांनी काढलेला तोडगा मासलेवाईक आहे. ते सांगतात, अर्थ विसरा. एक डावी बाजू, दुसरी उजवी. आणि लक्षात कसे ठेवायचे? ‘करिकाता’ हिरागाना लिपीत लिहिताना ‘री’ या अक्षराचे शेपूट डावीकडे वळते, म्हणून ती डावी बाजू. ‘काशिकाता’मधल्या ‘शी’चे शेपूट उजवीकडे वळते, म्हणून ती उजवी. जो शब्द वाचताक्षणी कळावा म्हणून घडवला, त्याचा अर्थ पुसून फक्त अक्षराचा आकार शिल्लक ठेवावा लागला. आपल्याकडचे ‘नावे’ आणि ‘जमा’ या बाबतीत जास्त टिकाऊ ठरले असे मला वाटते. ‘नावे टाकणे’ यात त्या नावाच्या धन्याने उसने घेतले की नाही याचा निवाडा नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. दीडशे वर्षे लाखो लोक डावे-उजवे पाठ करून अचूक हिशेब लिहीत आले, तर भाषांतर फसले असे कसे म्हणायचे? परिभाषा हा शेवटी संकेत असतो, शब्दाच्या व्युत्पत्तीवर ताळेबंद जुळत नाही. हिशेबनिसांपुरते हे मला मान्य आहे. ज्या मंडळींचे आयुष्य एकाच संकेतात जाते, त्यांना शब्दाचा अर्थ नसला तरी चालतो. पण बँकेचा शब्द खिडकीच्या अलीकडेही येतो, आणि तिथे बँकांनीच हा संकेत टाकून दिलेला दिसतो. जपानी पासबुकात ‘करिकाता’, ‘काशिकाता’ नसतातच. पैसे काढल्याच्या रकान्यावर ‘ओशिहाराई किनगाकु’ लिहिलेले असते, म्हणजे आम्ही आपल्याला दिलेली रक्कम, आणि भरल्याच्या रकान्यावर ‘ओआझुकारी किनगाकु’, म्हणजे आम्ही आपल्याकडून सांभाळायला घेतलेली रक्कम. सुरुवातीचा ‘ओ’ आदरार्थी. बँक कोण, गिऱ्हाईक कोण, पैसा कुणाकडून कुणाकडे गेला, हे पाचवीतल्या मुलालाही कळेल. भारतीय पासबुकात पैसे भरले की क्रेडिट का म्हणतात, हे कितीजणांना सांगता येईल?

जामीनदाराच्या बाबतीत चुकीच्या शब्दाची किंमत रोख मोजावी लागते. जपानी नागरी कायद्यात ‘होशोनिन’ आणि ‘रेंताई होशोनिन’ असे दोन प्रकारचे जामीन आहेत. पहिला धनकोला सांगू शकतो की आधी मूळ कर्जदाराकडे मागा, त्याची मालमत्ता पाहा, मग माझ्याकडे या. दुसऱ्याला ही सवलत नाही. हप्ता चुकला की बँक थेट त्याच्या दारात उभी राहू शकते. जपानी बँका कर्जाला जवळजवळ नेहमी दुसराच प्रकार मागतात. आता भारतीय कर्जकराराचा जपानी अनुवाद करायचा आहे असे धरा. शब्द आहे गॅरंटर, आणि कोणताही कोश ‘होशोनिन’ देईल. पण भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि धनको सरळ त्याच्यावर दावा लावू शकतो. म्हणजे आपला साधा जामीनदार तिथल्या ‘रेंताई’च्या जवळ बसतो. कोशातला शब्द घातला, तर वाचणारा जपानी माणूस स्वतःला कायद्याने न मिळणारे संरक्षण मिळाले आहे असे समजेल. जपानी कायद्यालाही हा धोका ठाऊक आहे. एप्रिल 2020 पासून धंद्याच्या कर्जाला त्रयस्थ व्यक्ती जामीन राहणार असेल, तर काही अपवाद वगळता तिने नोटरीसमोर आपला इरादा सांगून तसा लेख करावा लागतो. शब्द ओळखीचा असला तरी त्याचे वजन माणसाला कळतेच असे नाही, हे मान्य करूनच ही तरतूद आली.

दुसरा आक्षेप जास्त जोरकस आहे. एवढी यातायात कशाला, इंग्रजी शब्द काताकाना लिपीत जसाच्या तसा उतरवा. रोन, सुवाप्पु, ओपुशोन, देरिबातिबु. मूळ शब्द बाजू घेत नाही, तर उसना शब्दही घेणार नाही. बँकांच्या आपसातल्या व्यवहारांत ही वाट बरोबर आहे, असे माझेही मत आहे. वस्तूच नवी, दोन्ही बाजूंना जाणकार आणि करार इंग्रजी नमुन्यावर बेतलेला, अशा ठिकाणी चिनी अक्षरांत नवा शब्द घडवून उगाच समजल्याचा भास निर्माण करण्यापेक्षा परका शब्द परका राहू देणे प्रामाणिकपणाचे आहे. 2006 मध्ये जपानचा वित्तसाधनांचा कायदा नव्याने बांधला गेला, तेव्हा त्यातही ‘देरिबातिबु’ हा शब्द काताकानातच घेतला गेला.

पण गिऱ्हाइकाच्या बाबतीत काताकानाचा तटस्थपणा बँकेच्या सोयीचा ठरतो. ‘शाक्किन’ हा कर्जाचा घरगुती शब्द; त्यात उसने घेतलेला पैसा आहे आणि थोडी लाजही आहे. ‘कादो रोन’ म्हटले की ती लाज जाते आणि आपण ऋणको आहोत ही जाणीवही पातळ होते. एकामागून एक कर्जे काढून बुडालेल्या लोकांचा प्रश्न जपानात इतका वाढला की 2006 च्या दुरुस्तीने सावकारी कंपन्यांचा कमाल व्याजदर 29.2 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणला आणि एका माणसाला वार्षिक उत्पन्नाच्या एक-तृतीयांशाहून जास्त कर्ज द्यायला मनाई केली. हे संकट शब्दामुळे आले असे म्हणणे अर्थातच वेडेपणाचे होईल. पण जाहिरातीत कोणता शब्द वापरायचा, हे सावकारांनी बरोबर ओळखले होते.

आणि उसना शब्द मूळ अर्थाला चिकटून राहतो, हेही खरे नाही. ‘पेइओफु’ पाहा. इंग्रजी पेऑफ म्हणजे बँक बुडाल्यावर ठेव विमा महामंडळाने ठेवीदारांना विम्याची रक्कम चुकती करणे. शब्द पैसे देणाऱ्याच्या बाजूचा. जपानात 1971 पासून ठेव विमा आहे आणि 1986 पासून हमीची मर्यादा एका ठेवीदाराला 1 कोटी येन मुद्दल अशी आहे. नव्वदीच्या दशकात बँका कोसळू लागल्या तेव्हा घबराट टाळण्यासाठी सरकारने सगळ्याच ठेवींची तात्पुरती पूर्ण हमी घेतली. ही हमी मुदत ठेवींपुरती एप्रिल 2002 मध्ये आणि बिनव्याजी खाती सोडून बाकीच्यांसाठी एप्रिल 2005 मध्ये उठली, आणि वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिले ‘पेइओफु काइकिन’, पेऑफवरची बंदी उठणे. काइकिन हा शब्द नदीत मासेमारीचा हंगाम खुला होतो तेव्हाही वापरतात. परिणामी सामान्य माणसाच्या डोक्यात पेइओफु म्हणजे ‘आपली 1 कोटीच्या वरची ठेव बुडू शकते ती व्यवस्था’ असे बसले. देणाऱ्याचा शब्द गमावणाऱ्याचा झाला. सप्टेंबर 2010 मध्ये निहोन शिन्को बँक बुडाली आणि ही तरतूद पहिल्यांदा प्रत्यक्षात आली, तेव्हा जपानी वाचक आणि इंग्रजी वाचक एकच शब्द वाचून विरुद्ध टोकाच्या बातम्या समजू शकले असते. काताकानात उतरवल्याने बाजू नाहीशी होत नाही. ती समाज नंतर ठरवतो, आणि अनुवादकाचा त्यावर ताबा राहत नाही.

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले एक उदाहरण घेऊ. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने जे कर्ज देऊ केले, त्याच्या अटी वर्तमानपत्रांत अनेकदा आल्या आहेत: व्याज 0.1 टक्का, परतफेड 50 वर्षांत, त्यात पहिली 15 वर्षे ग्रेस पिरियड. जपानी कागदपत्रांत अशा कर्जाला ‘एन-शाक्कान’ म्हणतात. सरकारांमधल्या कर्जाचा हा खास शब्द घरकर्जाला कुणी लावणार नाही. खरी गंमत ग्रेसमध्ये आहे. इंग्रजीत हप्ता चुकल्यानंतर मिळणारी दोन-चार दिवसांची सवड हीसुद्धा ग्रेस, आणि करारातच ठरलेला, मुद्दलाची फेड सुरू होण्याआधीचा काळ हीसुद्धा ग्रेस. जपानीत पहिल्याला ‘यूयो’ म्हणावे लागते आणि दुसऱ्याला ‘सुएओकी’, म्हणजे रक्कम जिथल्या तिथे बसवून ठेवणे. ‘यूयो’ला इतिहास आहे. एप्रिल 1927 मध्ये बँकांपुढे रांगा लागल्या, तेव्हा अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनी तीन आठवडे देणी स्थगित करणारा जो हुकूम काढला, त्याच्या नावात ‘यूयो’ आहे. तेव्हा नोटा एवढ्या घाईने छापल्या गेल्या की काहींची मागची बाजू कोरीच राहिली. बुलेट ट्रेनच्या अटींत कुणी ‘यूयो’ लिहिले, तर आकडे तेच राहूनही भारत हप्ते थकवलेला देश वाटेल. ‘सुएओकी’ लिहिले की ही धनकोने आपल्या वहीत पहिल्याच दिवशी मांडलेली वेळ ठरते.

राहिला कोशांचा आणि यंत्रांचा आधार. जपानच्या न्याय मंत्रालयाचा कायदेविषयक शब्दांचा जपानी-इंग्रजी प्रमाणकोश आहे. तो पाहिला तर एकेका शब्दापुढे संदर्भानुसार वेगवेगळे पर्याय दिलेले दिसतात, म्हणजे निवड शेवटी वाचणाऱ्यावरच सोपवलेली असते. व्याजासारख्या साध्या शब्दालाही नागरी कायदा ‘रिसोकु’ म्हणतो आणि प्राप्तिकराचा कायदा ‘रिशि’. यंत्र यातला जास्त वापरातला शब्द उचलते. वाक्य सुबक होते, आणि त्यामुळेच तपासणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. नव्याने घडवलेल्या शब्दांनीही बाजू घेण्याची खोड सोडलेली नाही. कागदी हुंडीच्या जागी 2007 च्या कायद्याने आणलेली इलेक्ट्रॉनिक नोंद घेणाऱ्याच्या ताळेबंदात ‘साइकेन’ म्हणून येते आणि देणाऱ्याच्या ताळेबंदात ‘साइमु’ म्हणून.

पुण्यात जपानी शिकून कंपन्यांची कागदपत्रे अनुवादित करणारे तरुण बरेच आहेत. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: कर्जाचा मसुदा हाती आला की पहिल्या पानावर पेन्सिलीने दोन नावे लिहा, पैसे देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, आणि हा कागद दोघांपैकी कुणाच्या कचेरीत तयार झाला ते त्याखाली लिहा. ते ठरल्याशिवाय कोश उघडू नका.